नानांचं सहावं रीळ

१

आमच्या घरात पितृपक्षात एका चिनी माणसाच्या फोटोला हार घातला जायचा. पुण्यातल्या शेजाऱ्यांना त्याची सवय झाली होती. कुणाकडे नवी सून आली की मात्र तिला हे समजावून सांगावं लागे. हनुवटीच्या खाली लोंबणाऱ्या मिशा, कानशिलांकडे ओढलेले डोळे, बोटभर लांब नखं, अंगात नक्षीदार झगा. हे माझे आजोबा. आईचे वडील, नाना.

बोलपट नुकते बोलायला लागले होते तेव्हाची गोष्ट. मुंबईच्या स्टुडिओंत धडाधड रहस्यपट निघत आणि त्यांत तळघरात बसून हसणारा एक चिनी खलनायक हमखास लागे. खरा चिनी माणूस शोधायला कोण जातंय? नानांना बोलावणं यायचं. शेवटच्या रिळात नायक त्यांना गोळी घालायचा, थिएटरात टाळ्या पडायच्या, आणि पुढच्या महिन्यात नाना दुसऱ्या तळघरात बसून हसायचे. आई चार वर्षांची असताना तिला एकदा सिनेमा दाखवायला नेलं होतं. पडद्यावर बाप मेलेला पाहून तिने असा काही टाहो फोडला की आजीने तिला उचलून बाहेर आणलं. त्यानंतर तिला कुणी नेलं नाही.

सन चाळीसमध्ये नाना विषमज्वराने गेले. आई सात वर्षांची होती. मागे राहिले ते सगळे फोटो स्टुडिओतले, मेकअपमधले. लग्नाचा एकच फोटो होता, तो वाळवीने खाल्ला. म्हणून आजीने त्यातल्या त्यात बरा चिनी फोटो फ्रेम करून घेतला.

"मला त्यांचा चेहरा आठवत नाही गं अनू," आई म्हणायची. "बाकी सगळं आठवतं."

बाकी सगळं म्हणजे हे. नाना कधी कधी मेकअप न उतरवताच घरी यायचे, कारण डोळे ओढणाऱ्या त्या पट्ट्या डिंकाने चिकटवलेल्या असत आणि त्या सोडवायला गरम पाणी आणि वेळ लागे. पट्टीबरोबर कातडीही निघायची. लेकीने ते पाहू नये म्हणून आरशासमोर बसले की ते आधी तिच्याकडे वळायचे आणि दोन बोटं आपल्या पापण्यांवर ठेवायचे. डोळे मीट. ती मिटायची. पाण्याचा आवाज, नानांचं हळूच विव्हळणं, मग टॉवेल. आणि मग ते म्हणायचे, "उघड." ती उघडायची, आणि समोर चिनी माणूस नसायचा, नाना असायचे.

"मी एकदाही चोरून पाहिलं नाही," आई अभिमानाने सांगायची. "उघड म्हटल्यावर किती आनंद व्हायचा ते आठवतं. चेहरा तेवढा गेला."

२

दोन हजार तेरा साली आई माझ्याकडे सिंगापूरला होती. बेडोकला नवव्या मजल्यावर आमचा फ्लॅट, खाली मोकळं मैदान. माझा नवरा शैलेंद्र महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर, त्यामुळे घरात आई, मी आणि माझी पंधरा वर्षांची लेक अश्लेषा. आईला ऐंशी पूर्ण झाली होती आणि तिच्या डोळ्यांमागचा पडदा झिजत चालला होता. वर्षभर दिसेल, मग नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. टीव्हीवरची माणसं तिला आधीच दिसेनाशी झाली होती.

आणि नेमकं तेव्हाच ते रीळ मिळालं. इथल्या महाराष्ट्र मंडळातला उन्मेष विद्यापीठात पोस्टडॉक करतो आणि जुनी रिळं जमवतो. पूर्वी मलायातल्या भारतीय लोकांसाठी मुंबईचे बोलपट इकडे यायचे. लिटिल इंडियातलं एक जुनं दुकान बंद होताना त्याला तिथे एक पत्र्याचा डबा मिळाला. नाव नाही, वर नुसतं 'सहा'. आमच्या भिंतीवरचा फोटो त्याने पाहिलेला होता. डबा घेऊन तो तडक घरीच आला.

मी बँकेत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. एखादी गोष्ट दोनदा तशीच घडली नाही, तर ती घडली असं मी लिहून देत नाही. तेव्हा रीळही मी तसंच तपासलं. उजेडाच्या पेटीवर धरून, भिंगातून, सगळं. सोळा एमएमचं, चारशे फूट, म्हणजे अकरा मिनिटं. तळघर. मागे पडदा. नाना खुर्चीत बसलेत, हसताहेत. खांबाला बांधलेली एक बाई. नायक येतो, पिस्तूल रोखतो. नाना कोसळतात. पडदा त्यांच्यावर पडतो. संपलं.

अश्लेषाने भिंगातून पाहिलं, नाक मुरडलं आणि इथल्या पोरांसारखं वाक्याला 'लाह' जोडत म्हणाली, "आजी, धिस इज सो रेसिस्ट लाह. माझ्या फ्रेंड्सना दाखवू नका, प्लीज."

आईचा चेहरा पडला. "पोटासाठी केलं गं त्यांनी," ती म्हणाली. "त्यांना कुठे ठाऊक होतं, त्यांची पणती चिनी मुलांबरोबर शाळेत जाईल म्हणून."

मला दोघींचंही पटत होतं, हीच माझी पंचाईत. तो हसणारा माणूस बघताना लाज वाटत होती, आणि तरी माझा हात भिंगावरून निघत नव्हता. त्या पट्ट्यांखाली माझ्या आईचा बाप होता.

"मोठ्या पडद्यावर मला दिसेल," आई म्हणाली. "नुसते उभे राहिले तरी ओळखेन. आणि आवाज ऐकेन. इतकी वर्षं आपण पान कुणाला वाढलं, हे मला एकदा कळू दे."

३

उन्मेषनेच क्वेक अंकलचा नंबर दिला. सत्तरीचा माणूस, दात दोन-चारच, आयुष्यभर उघड्यावर सिनेमे दाखवत आलेला. चिनी लोकांच्या सातव्या महिन्यात त्याला फुरसत नसते. त्या महिन्यात मेलेली माणसं परत येतात असं ते मानतात, आणि त्यांच्या करमणुकीसाठी मैदानात सिनेमा लावतात. पहिली रांग त्यांच्यासाठी रिकामी ठेवतात, आणि बघायला जिवंत माणूस एकही नसला, तरी पूर्ण दाखवतात. हे सगळं मला माहीत होतं. दहा वर्षं इथे राहिल्यावर तेवढं माहीत होतंच. उदबत्त्यांचे जुडगे, कागद जाळायचे पिंप, ताटातली संत्री, यांच्या बाजूने रोज जाते मी.

योगायोग असा की त्या वर्षी त्याचा पडदा आमच्याच खालच्या मैदानात लागला होता. मी फ्रेम केलेला फोटो नेऊन दाखवला. तो फोटोकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

"तुझा आजोबा चायनीज होता?"

"नाही. नट होता."

तो हसला. "असले सिनेमे आम्हीही पाहिले, लाह. लहानपणी. चिनी माणूस मेला की आम्हीच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवायचो." मग त्याने मोठा पडदा द्यायचं कबूल केलं. संध्याकाळी साडेसातला, त्याचा मुख्य सिनेमा सुरू व्हायच्या आधी. अकरा मिनिटं, त्याहून जास्त नाही.

आई त्या दिवशी मोतिया रंगाची रेशमी साडी नेसली. कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखी चार वाजल्यापासून तयार होती. खाली गेलो तेव्हा उजेड होता. मैदानात लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, सगळ्या रिकाम्या. मी प्रोजेक्टरपाशी डबा द्यायला गेले आणि परत वळून पाहिलं, तर आई पार पुढच्या रांगेत पोचली होती. मधल्या खुर्चीत बसली होती आणि शेजारच्या खुर्चीवर तिने आपला रुमाल टाकला होता. कडेला जांभळी वेलबुट्टी असलेला, स्वतः विणलेला.

आमच्या लोकांची खोडच ती. सवाई असो की मंडळाचा गणपती, आधी रुमाल टाकून जागा धरायची. माझ्यासाठी धरली होती तिने.

क्वेक अंकल अक्षरशः धावत गेला. "कॅनॉट, आंटी, कॅनॉट. ती रांग त्यांची."

"कुणाची?" आईने मला विचारलं.

"पाहुण्यांची," मी म्हटलं. ऐंशी वर्षांच्या बाईला आणखी काय सांगणार? तिचा हात धरून मी तिला सहाव्या रांगेत आणून बसवलं. रुमाल तिथेच राहिला. माझ्या लक्षात आलं तोपर्यंत अंकलने प्रोजेक्टरचा दिवा लावला होता, आणि एकदा दिवा लागला की त्या रांगेत तो कुणालाही जाऊ देत नाही.

४

मी प्रोजेक्टरजवळ उभी राहिले, घड्याळ हातात धरून. सवय.

नाना आले. भिंगातून बोटभर दिसणारा माणूस दोन मजली झाला. आणि ते हसले. तीन टप्प्यांचं हसू, शेवटचा टप्पा खोल. आवाजात करकर होती, पण ते हसू माझ्या ओळखीचं होतं, कारण अश्लेषा लहानपणी गुदगुल्या केल्यावर अशीच तीन टप्प्यांत हसायची. सहाव्या रांगेत आईचे खांदे हलत होते. ती रडत होती आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. सगळं आयुष्य या अकरा मिनिटांसाठी थांबलेली बाई, आणि मी तिला ती आणून दिली होती.

दहाव्या मिनिटाला नायक आला. गोळी. नाना कोसळले, पडदा त्यांच्यावर पडला. पुढे कुठेतरी टाळ्या वाजल्या. रिळातल्याच असणार, प्रेक्षकांच्या टाळ्या आत घातलेल्या असतील, असं मी मनाशी म्हटलं. रिळात प्रेक्षक नव्हते हे मला पाठ होतं.

अकरा मिनिटं झाली. बारा. पडद्यावर तेच तळघर, खाली पडलेला झगा. रीळ फिरत होतं.

"अजून किती आहे?" अंकलने विचारलं.

"संपायला हवं होतं."

त्याने चक्रीकडे पाहिलं, मग पुढच्या रांगेकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. "ते बघताहेत," तो म्हणाला. "त्यांना माहीत नाही हे नाटक आहे ते."

तेराव्या मिनिटाला झगा हलला. नाना उठून बसले. उठले कसले, उठवल्यासारखे उठले. त्यांनी मिशी ओढून काढली. नखं एकेक करून उपटली आणि खाली ठेवली. मग थेट समोर, सहाव्या रांगेकडे पाहिलं आणि दोन बोटं पापण्यांवर ठेवली.

डोळे मीट.

मी आईकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते. पाठ ताठ, हात मांडीवर, चेहऱ्यावर पाच वर्षांच्या मुलीचं हसू. त्या संध्याकाळीही ती चोरून पाहणार नव्हती.

नानांनी कानशिलाच्या पट्टीला हात घातला. स्पीकरमधून पाण्याचा आवाज आला. हळूच विव्हळणं. पण ते एकट्याचं नव्हतं. मला कळलं नाही मी काय करतेय. मी हात पुढे केला आणि लेन्सवर पंजा धरला.

लेन्सच्या इतक्या जवळ चित्र नीट उमटत नाही. अंधुक उजेडाचा गोळा दिसतो फक्त. हे मला माहीत आहे, मी नंतर चारदा करून पाहिलंय. पण त्या वेळी माझ्या तळहातावर नाना होते, सुपारीएवढे, रेखीव. पट्ट्या निघालेला, मेकअप नसलेला चेहरा. आईची हनुवटी. ते तळघरात नव्हते. लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना खुर्च्यांची रांग होती, भरलेली. बाकीच्यांकडे मी पाहिलं नाही. त्यांच्या शेजारची एक खुर्ची रिकामी होती. तिच्यावर रुमाल होता. कडेला वेलबुट्टी.

नानांचे ओठ हलायला लागले तेव्हा मी मशीनची वायर ओढली.

५

"शेवटपर्यंत दाखवायचं असतं," अंकल म्हणाला. रागाने नाही, नुसतं. त्याने रीळ गुंडाळलं, डबा माझ्या हातात दिला आणि पुढच्या रांगेसमोर उभा राहून बराच वेळ वाकून राहिला. तो रुमाल तिथे नव्हता. खुर्च्यांखालीही नव्हता.

आई तशीच बसली होती.

"आई, चल. झालं."

"झालं कुठे? उघड म्हणाले नाहीत अजून."

"मी म्हणते ना. उघड."

"तू नाही गं," ती समजुतीने म्हणाली. "त्यांनी म्हणायला हवं."

त्या संध्याकाळपासून आईने डोळे उघडलेले नाहीत. झोपते, उठते, हाताला धरून चालते, बोटांनी चाचपून भात कालवते. डॉक्टरांनी पापण्या उचलून पाहिल्या. स्नायू ठीक आहेत, मनाचं काहीतरी असेल म्हणाले. जे वर्षभर तिला दिसणार होतं, अश्लेषा, खिडकीतलं आभाळ, मी, ते तिने मिटल्या डोळ्यांनी घालवलं. मी चिडले, रडले, तिच्या पाया पडले. एकदा तर आवाज जाड करून तिच्या कानात म्हणाले, उघड. ती हसायला लागली. तीन टप्प्यांत.

रीळ मी पुन्हा तपासलं. चारशे फूट, अकरा मिनिटं. नाना कोसळतात, पडदा पडतो. संपलं. मी डबा तांदळाच्या पिंपात खोल पुरून ठेवला.

"कसे दिसत होते?" आई रोज दुपारी विचारायची.

"तुझ्यासारखे. हनुवटी अगदी तुझी."

"आणि कपाळ?"

"मोठं." मी सांगत राहायची. खोटं एकही नव्हतं त्यात. खुर्चीचं तेवढं सांगितलं नाही.

"माझा रुमाल सापडला का गं?" एक दिवस तिनेच विचारलं.

"नाही."

"असू दे. जागा धरलेली बरी."

पितृपक्षात मी फोटोला हार घातला नाही. त्या चिनी चेहऱ्यासमोर पान मांडायला हात धजेना. कितीतरी वर्षं आपण हाक एकाच्या नावाने मारली आणि चेहरा दुसऱ्याचा दाखवला. मग गेलेल्या माणसाने जायचं कुणाबरोबर, आपल्या पितरांबरोबर की त्या रांगेतल्यांबरोबर? पण असा विचार मी करत नाही. मी टेस्टर आहे.

६

यंदा सातवा महिना जुलैच्या शेवटीच लागला. अंकलला फोन केला. पडदा लावू नको, निदान आमच्या मैदानात नको, असं विनवायचं होतं. तो म्हणाला, मी गुडघ्यांचं ऑपरेशन करून घरी पडलोय, यंदा माझा पडदा कुठेच नाही. मला हायसं वाटलं.

पण आज ऑफिसातून आले तर खाली लाल खुर्च्या मांडलेल्या होत्या. पडदाही होता. कुणी दुसरा आला असेल. वर आले तर आई मोतिया साडी नेसून हॉलमध्ये बसलेली, केसांत फूल माळलेलं. कुणी नेसवली विचारलं, तर म्हणाली, नेसता येते मला. अश्लेषा क्लासला गेली होती. पिंपात हात घालून पाहिलं. डबा होता, आत रीळही होतं.

मी खिडक्या लावल्या, एसी लावला, टीव्ही मोठ्याने लावला. आईने शांतपणे सांगितलं, "अनू, तो आवाज कमी कर. मला ऐकू यायचं नाही."

साडेसातला खाली उजेड पडला. मी खिडकीच्या पडद्याच्या फटीतून पाहिलं. तळघर, खांब, खुर्ची. बंद काचेतून, नऊ मजले वर, ते हसू आलं. मी टीव्ही बंद केला, कारण आता त्याचा उपयोग नव्हता, आणि आईच्या शेजारी बसून तिचा हात दोन्ही हातांत घेतला. तिचा तळवा मऊ आणि गरम होता. मी चौथीत असतानाही ही मला सोडायला शाळेच्या फाटकापर्यंत यायची आणि फाटकात हात सुटला की मी रडायची, ते आठवलं.

"भ्यायचं काय त्यात?" ती म्हणाली. "नाना आहेत ते."

गोळी झाली. टाळ्या झाल्या. मग पाण्याचा आवाज. विव्हळणं, टॉवेलचा आवाज. मग काहीच नाही, आणि त्या शांततेत, करकर नसलेल्या, अगदी साध्या आवाजात, एका मराठी माणसाने म्हटलं, "उघड."

आईने डोळे उघडले.

वर्षभरानंतर मी ते डोळे पाहत होते. स्वच्छ, ओले. ती माझ्याकडे वळलीसुद्धा. मला वाटलं, मलाच बघतेय. पण ती माझ्या मागे, खिडकीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता.

"आले हं," ती म्हणाली, आणि पायाने चपला चाचपायला लागली.

मी तिचा हात सोडलेला नाही. चपला मी पायानेच सोफ्याखाली ढकलल्या आहेत. ती ओढत नाही, चिडत नाही, नुसती मी हात सोडायची वाट पाहत बसली आहे. खाली अजून उजेड आहे. रीळ अकरा मिनिटांचं आहे. घड्याळात चाळीस मिनिटं झाली आहेत, आणि माझ्या बोटांना आता रग लागली आहे.